चंदगडला एक माप, बेळगावला दुसरं

सीमाप्रश्नाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळा राग महाजन अहवालावर निघतो. मी मात्र परत परत उघडतो तो त्याआधीचा, १९५५ चा फाजल अली आयोगाचा अहवाल. खरी मेख तिथं आहे.

नुसत्या भाषेवर राज्यं करू नयेत, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. पण बेळगावचा भाग आला की मोजमाप बदलतं. चंदगड तालुका मराठी, म्हणून तो जिल्ह्यातून सोडवून मुंबई राज्याकडे ठेवला. आणि बेळगाव शहर? तर बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार, तेव्हा जिल्ह्याचं ठिकाणही त्यांच्याबरोबर जावं! म्हणजे एकीकडे तालुका मोजायचा, दुसरीकडे जिल्हा. बेळगावची बाजारपेठ दोन्ही भाषांच्या गावांची, हे मी नाकारत नाही. पण मग निर्णय त्यावर तोलायचा होता.

बरं, हा जिल्हा तरी कुठला अनादी? १८३६ साली इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी धारवाडातून तो वेगळा काढला. १२० वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, त्याच चौकटीनं आमचं राज्य ठरवलं.

महाजन आयोगानं १९६७ साली गावागावांपर्यंत उतरून निपाणी, खानापूर महाराष्ट्राला सुचवलं. बेळगाव मात्र तिकडेच. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

चंदगडचा माणूस बाजाराला आजही बेळगावातच येतो.