ठोकळ्यांतून उमटलेला चेहरा

पुणे-सातारा रस्त्याने कापूरहोळ मागे पडले की थोड्याच वेळात किकवी लागते. शिरवळच्या एका कारखान्यातील नोकरीमुळे या बाजूला येऊन राहिलेले एक ख्रिस्ती कुटुंब तेथे आमच्या परिचयाचे आहे. गेल्या पावसाळ्यात त्या घरातील आजीच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या प्रार्थनेस आम्ही गेलो होतो. बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढरे वस्त्र अंथरले होते, त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या होत्या. जिथे एरवी आजीची तसबीर असावयाची, तिथे मुलांच्या खेळातील प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी रचलेला तिचा चेहरा उभा होता. नववीत शिकणाऱ्या नातवाने तो केला होता.

त्यावरून घरात कुरबूर चालली होती. मुलाच्या आत्याबाईंचे म्हणणे असे की, खेळणे ते खेळणे. त्याला क्रूसाशेजारी जागा नको. मुलाचे वडील काहीच बोलत नव्हते. “तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच काय ते सांगा,” असे म्हणून आत्याबाईंनी तो निवाडा आमच्यावर टाकला. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्ही आत्याबाईंच्याच पक्षाचे होतो. “आधी प्रार्थना होऊ द्या,” एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. पुढे मात्र तो प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. ठोकळ्यांच्या चित्राला चित्र म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी?

या खेळण्याची हकिगत थोडक्यात अशी. डेन्मार्कमधील बिलुंड या गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. त्याच्या कारखान्यास ‘लेगो’ हे नाव १९३४ साली मिळाले. प्लास्टिकच्या विटा त्याने १९४९ साली काढल्या. त्यांची मूळ कल्पना हिलरी पेज या इंग्रज खेळणेकाराची. वर गोल बोंडे आणि आत पोकळ नळ्या अशी जी रचना आज घरोघरी ठाऊक आहे, तिचा हक्क जानेवारी १९५८ मध्ये नोंदविला गेला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. या एका गुणावर सारा डोलारा उभा आहे.

आता लहान तुकड्यांतून मोठे चित्र उभे करणे ही आपल्या धर्मपरंपरेला नवखी गोष्ट नव्हे. इटलीत राव्हेन्ना येथील सान विताले हे मंदिर इ. स. ५४७ मध्ये अर्पण झाले. त्याच्या भिंतींवरील मोझेक चित्रांत काचेचे व सोन्याचा मुलामा दिलेले बारीक खडे हाताने बसविलेले आहेत. ते बसविताना कोन थोडा थोडा बदलत जातो. त्यामुळे दिवसाचा उजेड सरकू लागला की भिंतही हलल्यासारखी भासते. याच्या उलट रोममधील संत पेत्राची बॅसिलिका. तेथील वेदींवरची बहुतेक मोठी चित्रे ही रंगविलेली नसून खड्यांची आहेत, हे पुष्कळ यात्रेकरूंच्या ध्यानातही येत नाही. ओलीने मूळ चित्रे खराब होऊ लागली म्हणून त्यांच्या खड्यांतील प्रती करण्यात आल्या. राफाएलच्या ‘रूपांतर’ या चित्राची प्रत १७६७ साली पुरी झाली. हजारो छटा जमवून कारागिरांनी खडा अगदी नाहीसा केला. कौशल्य म्हणून ते थोरच. पण आम्हांस राव्हेन्नाचा कारागीर अधिक जवळचा वाटतो, कारण त्याने खड्याला लाज वाटू दिली नाही.

ठोकळ्यांना यांपैकी काहीच साधत नाही. कोन बदलता येत नाही, काठ छिलता येत नाही. प्रत्येक बोंड शेजारच्या बोंडापासून बरोबर आठ मिलिमीटरवर. रंग मोजके, आणि त्यांची चकाकी सर्वत्र सारखी. मग या माध्यमाजवळ शिल्लक राहते काय? चौकटी आणि अंतर. चौकटींचे शास्त्र आमच्या आयाबहिणींना चांगले ठाऊक आहे. ठिपक्यांची रांगोळी, फुलीच्या टाक्याचे वेदीवस्त्र, रुखवतातली मण्यांची तोरणे यांत घरे मोजूनच आकार उठतो, आणि तिरपी रेघ ही खरे पाहता पायऱ्यांची रांग असते. फुलीच्या टाक्यातले गुलाबाचे फूल जवळून पाहावे तर फुल्याच फुल्या. चार पावले मागे सरावे तेव्हा फूल. ठोकळ्यांचे चित्र याच कुळातले आहे, राफाएलच्या नव्हे.

ही गोष्ट विसरली गेली की काय होते, याचे नमुने पुष्कळ आहेत. २०२० सालापासून लेगो कंपनी भिंतीवर टांगावयाची चित्रे पेटीतून विकू लागली. अठ्ठेचाळीस उभी नि अठ्ठेचाळीस आडवी, म्हणजे २३०४ घरे. कोणत्या घरात कोणत्या रंगाची गोल चकती बसवावयाची ते पुस्तिकेत आकड्यांनी दिलेले. संध्याकाळी दमून आलेल्या मनुष्यास या उद्योगाने शांतता लाभत असेल, ती आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सारे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले आहेत. करणाऱ्याची चिकाटी दिसते, त्याचे मन दिसत नाही. अमेरिकेतील नेथन सवाया यांनी वकिली सोडून ठोकळ्यांची शिल्पे केली आणि २००७ पासून त्यांची प्रदर्शने भरू लागली. स्वतःची छाती दोन्ही हातांनी फाडणारा त्यांचा पिवळा माणूस पाहणाऱ्यास थांबवितो. फाटलेल्या छातीतून सुटे ठोकळे ओघळतात, तिथे माध्यम आणि आशय एक झाले आहेत. जगप्रसिद्ध चित्रांच्या त्यांनी केलेल्या नकला मात्र आम्हांस ‘केवढी मेहनत!’ या उद्गारापलीकडे नेत नाहीत.

ही सारी कामे आम्ही छायाचित्रांतूनच पाहिली आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यात एक फसगतही आहे. दूर उभे राहून जे काम डोळ्याने करावयाचे, ते छायाचित्र आपल्या लहान आकाराने आधीच उरकून टाकते. हातातल्या फोनवर ठोकळ्यांचे कोणतेही चित्र असते त्याहून बरेच चांगले दिसते.

देवळाशी ज्यांचा संबंध आहे अशी दोन कामे पाहू. स्वीडनमधील व्हेस्टेरॉस येथील एका प्रोटेस्टंट चर्चमध्ये २००९ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी प्रभू येशूचा सुमारे सहा फुटी पुतळा उघडा करण्यात आला. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेन याच्या प्रसिद्ध पुतळ्याची ती ठोकळ्यांतील प्रतिकृती. सुमारे तीस हजार पांढरे ठोकळे लागले, आणि ते मंडळीतील लोकांनी आणून दिले. संगमरवरातील झग्याच्या चुण्या येथे जिन्याच्या पायऱ्या झाल्या आहेत. शिल्प म्हणून त्यात मऊपणा नाही. तरी ते आम्ही सहज बाजूस सारणार नाही. जे आले ते घरोघरीच्या मुलांच्या डब्यांतून आले, आणि एक लहान मूल आपला ठोकळा देते तेव्हा ते खरोखर काही देते. दुसरे काम पेनसिल्व्हेनियातील फादर बॉब सायमन यांचे. पोप फ्रान्सिस २०१५ साली फिलाडेल्फियास आले, त्या निमित्ताने त्यांनी संत पेत्राचे मंदिर आणि त्यापुढील चौक उभा केला. सुमारे पाच लाख ठोकळे, दहा महिने. चौकातील गर्दीत त्यांनी चिमुकली माणसे जागोजाग पेरली आहेत. इमारतीहून ती गर्दीच आम्हांस अधिक भावली. थट्टा आणि भक्ती इतक्या शेजारी-शेजारी क्वचित नांदतात.

पण या माध्यमाची खरी ताकद ओळखली ती चिनी कलावंत ऐ वेवे यांनी. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील आल्काट्राझ बेटावरच्या जुन्या तुरुंगात २०१४ साली त्यांचे ‘ट्रेस’ हे काम मांडले गेले. मतासाठी वा श्रद्धेसाठी तुरुंगवास किंवा देशोधडी भोगलेल्या १७६ व्यक्तींचे चेहरे, सुमारे बारा लाख ठोकळ्यांनी जमिनीवर अंथरलेले. ऐ वेवे यांना त्या वेळी स्वतःच्याच देशाबाहेर पडण्यास बंदी होती. पुष्कळशी जुळवणी स्वयंसेवकांनी केली. यांतील कित्येकांची धड छायाचित्रेही उपलब्ध नव्हती, जी होती ती पुसट. पुसट छायाचित्र मोठे केले की त्याचे चौकोन होतात, आणि चौकोन म्हणजेच ठोकळे! ज्याचा चेहरा जगाने नीट पाहिला नाही, त्याचा चेहरा असाच दिसावयाचा. येथे ठोकळ्याच्या ओबडधोबडपणालाच अर्थ आला.

पुढच्या वर्षी मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी त्यांनी घाऊक ठोकळे मागितले, तेव्हा राजकीय कामासाठी देत नाही म्हणून कंपनीने नकार दिला. ही वार्ता पसरताच लोक आपापल्या घरातील ठोकळे देऊ लागले. ते गोळा करण्यासाठी निरनिराळ्या शहरांत मोटारी उभ्या करून त्यांच्या टपाच्या खिडक्या उघड्या ठेवण्यात आल्या. प्रत्यक्ष मेलबर्नमध्ये त्यांनी चिनी बनावटीचे नकली ठोकळे वापरले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने आपले धोरण बदलले.

त्यांचे २०२२ सालचे काम आम्ही सर्वांत वरचे मानतो. फ्रेंच चित्रकार मोने याच्या कमळतळ्याच्या विशाल चित्रावरून त्यांनी पंधरा मीटरहून लांब भिंत रचली. सुमारे साडेसहा लाख ठोकळे, बावीस रंग. मोनेच्या चित्रात कुंचल्याचा प्रत्येक फटकारा त्याचा एकट्याचा. येथे एकही ठोकळा कोणाचा म्हणून नाही. आणि त्या निवांत पाण्यात उजव्या बाजूस एक काळोखा डाग आहे. ते आहे भुयारी घराचे दार. ऐ वेवे यांचे वडील, कवी ऐ छिंग, यांना राजवटीने हद्दपार केले तेव्हा शिंच्यांग प्रांतात बापलेक जमिनीखालच्या खोपटात राहिले, तेच ते दार. बावीस रंगांच्या खेळण्यात कोणी आपल्या बापाचे दुःख ठेवू शकतो, हे पाहिल्यावर आमच्या मनातील आत्याबाई गप्प झाल्या.

किकवीच्या त्या घरी प्रार्थनेनंतर आम्ही आजींच्या चेहऱ्यापाशी पुन्हा गेलो. मुलाने सांगितले की आजींचा निराळा फोटोच नव्हता. लग्नातल्या एका गर्दीच्या छायाचित्रात नखाएवढा चेहरा होता. तो फोनवर मोठा केला, तसे त्याचे चौकोन झाले, आणि ते त्याने वहीत मोजून घेतले. ठोकळे धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाचे, साध्या बाजारातले. त्या डब्यात लाल, पिवळा, निळा, हिरवा आणि पांढरा एवढेच रंग. सावळा रंग नाहीच. लेगोच्या बाहुल्यांचेही चेहरे १९७८ पासून पंचवीस वर्षे निखळ पिवळेच होते. आपल्या आजीचा रंग त्या डब्यात मावत नाही, हे त्या मुलाला पहिल्याच दिवशी कळले. त्याने लाल आणि पिवळे आलटून-पालटून लावले आणि शेजारच्या मुलाकडून थोडे काळे मागून आणून मधूनमधून पेरले. जवळून पाहिले तर आजींना गोवर उठल्यासारखे दिसे. खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो, तेव्हा ते तिन्ही रंग एकमेकांत विरघळले आणि भाताच्या लावणीत जन्म काढलेल्या बाईचा तांबूस-सावळा वर्ण समोर आला.

त्याच्याजवळ खाली बसवायची पाटी नव्हती, म्हणून चित्र भिंतीसारखे थरावर थर देत चढविलेले. सांध्यावर सांधा आला की भिंत उकलते. गवंडी सांधमोड करतो, तशी त्यालाही करावी लागली. त्यामुळे डावा डोळा अर्ध्या ठोकळ्याने सरकला आहे. आम्ही ते दोष म्हणून दाखविले. आत्याबाई मागूनच म्हणाल्या, “तिचा डोळा तसाच होता. मोतीबिंदू काढल्यापासून.” मग त्यांनी मेणबत्ती किंचित लांब सरकविली, प्लास्टिक तापू नये म्हणून.

चित्र तिथेच राहिले. ठोकळ्यांची मालकीण मात्र आठ दिवसांतच आपले ठोकळे परत मागू लागली होती, असे पुढे कळले. नाताळच्या आठवड्यात आम्ही त्या रस्त्याने साताऱ्याकडे जाताना पुन्हा त्या घरी डोकावलो. आजींच्या मागची निळी पार्श्वभूमी गव्हाणीच्या छपराला गेली होती आणि चेहरा एकटा कपाटावर उभा होता. कपाळावरचा एक पिवळा ठोकळा चांदणीसाठी हवा होता. तो काढण्यासाठी वरचे पांढरे केस उतरवून पुन्हा चढवावे लागले, असे धाकटीने आम्हांस सविस्तर सांगितले. त्या जागी तिच्या भावाने लाल बसविला होता.