यजमान आणि श्रोता : तुळजापूरच्या गोंधळासंबंधी एक विचार

भाद्रपद वद्य अष्टमीपासून तुळजाभवानी मंचकी निद्रा घेते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापनेबरोबर शारदीय नवरात्रास आरंभ होतो. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर देवी पुन्हा निद्रिस्त होते, ती आश्विन पौर्णिमेस सिंहासनावर येते. या सर्व काळात, विशेषतः पौर्णिमेस सोलापूरहून पायी येणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागते तेव्हा, तुळजापुरात रात्रंदिवस गाणे चालू असते. कोठे संबळ घुमते, कोठे आराधी मंडळींचा मेळा तुणतुण्यावर गात बसलेला असतो. ऐकणाऱ्यास कोणी तिकीट मागत नाही, त्याची जात-गोत विचारीत नाही, बसावयास जागा राखून ठेवीत नाही. बालाघाटाच्या या डोंगरकडेवरील गाण्यास ‘विनामूल्य लोकसंगीत महोत्सव’ म्हणण्याचा मोह आधुनिक लेखकास होतो आणि मग परदेशातील अशाच महोत्सवांशी त्याची तुलना ओघानेच येते. ही तुलना बोधप्रद आहे. मात्र ती जेथे जुळते तेथे नव्हे, जेथे मोडते तेथे.

तुलनेसाठी शिकागो शहराचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या जीवनातून ‘ब्लूज’ हा गीतप्रकार निपजला. मिसिसिपीकडून उत्तरेस कामधंद्यासाठी आलेल्या माणसांबरोबर तो शिकागोस पोचला. तेथील मद्यगृहांत आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या उघड्या बाजारात त्यास विजेच्या गिटारचा नवा आवाज मिळाला. या पिढीचा अग्रणी गायक मडी वॉटर्स १९८३ साली निवर्तला आणि पुढच्याच वर्षी, १९८४ च्या जूनमध्ये, नगरशासनाने ग्रँट पार्कमध्ये सर्वांस खुला असा ब्लूज महोत्सव भरविला. तो पुढे चालू राहिला. २०१७ पासून तो मिलेनियम पार्कमध्ये होऊ लागला. प्रवेशास मूल्य नाही, हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाते. मुंबईत २०११ च्या फेब्रुवारीत मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा जो महोत्सव सुरू झाला, तो मात्र तिकिटाचा होता. ज्या गाण्याचा जन्म मजुरांच्या वस्तीत झाला ते मुंबईत तिकीट काढून ऐकावे लागावे आणि शिकागोत फुकट ऐकावयास मिळावे, यातील विसंगतीवर पुष्कळ लिहिता येईल. पण तिकीट असणे वा नसणे हा येथे मुख्य प्रश्न नव्हे.

मुख्य प्रश्न असा की गाणे कोणास उद्देशून गायिले जाते. ब्लूजचा गायक स्वतःच्या नावाने गातो. दुरावलेले प्रेम, न मिळालेली मजुरी, सोडावे लागलेले गाव, हे सारे तो ‘मी’ म्हणून सांगतो. ऐकणारा मद्यगृहात असो, बाजारात असो वा उद्यानातील हिरवळीवर असो, तो प्रथमपासून श्रोताच असतो. म्हणून बाजारातून उद्यानात येताना त्या गाण्याची भूमी बदलली तरी त्याचे नाते बदलले नाही. याउलट गोंधळी ‘मी’ म्हणून गातच नाही. तो यजमानाच्या वतीने गातो, देवीस उद्देशून गातो, आणि भोवती जमलेली मंडळी ते गाणे ऐकतात ती जणू वाटेवरून. त्यांना गाणे विनामूल्य मिळते याचे कारण ते त्यांच्यासाठी नसतेच.

हे नीट ध्यानी येण्यासाठी गोंधळाची घडण पाहिली पाहिजे. विवाह, जावळ यांसारख्या मंगलकार्यानंतर, किंवा बोललेला नवस फेडण्यासाठी, कुलाचार म्हणून गोंधळ घातला जातो. पाटावर नवे वस्त्र वा खण अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात, मधोमध कलश आणि नारळ ठेवतात, वर ज्वारीच्या वा उसाच्या ताटांचा मांडव उभारतात. दिवटी पेटते. संबळ, तुणतुणे आणि झांज एवढ्या सामग्रीवर गोंधळी उभा राहतो. आरंभी गण, त्यानंतर देवतांचे आवाहन. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, अशी एकेका देवतेस तिच्या ठाण्याच्या नावानिशी गोंधळास येण्याची विनंती केली जाते. हा आवाहनाचा भाग वरकरणी रुक्ष नामावळीसारखा वाटतो. अभ्यासकांनीही त्याकडे बहुधा दुर्लक्षच केले आहे. वस्तुतः गोंधळाचे सर्व मर्म त्यात आहे. ही यादी ठरीव नसते. यजमानाचे कुलदैवत कोणते, घरातील सुनेच्या माहेरची देवी कोणती, गावची ग्रामदेवता कोणती, त्यानुसार ती वाढते, कमी होते, तिचा क्रम पालटतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीस मानणाऱ्या घरी तिचे नाव आले नाही तर गोंधळ उणा राहिला असे घरातील वडीलधारी बाई गोंधळ्यास तेथल्या तेथे सुनावते. अशी उलटतपासणी सभागृहातील कोणता श्रोता करील?

आवाहनानंतरचा उत्तररंग कथेचा. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून, शंका काढून, कधी भोळेपणाचे सोंग घेऊन त्यास अडवितो. कथा या अडवणुकीतून पुढे सरकते. जांभूळ आख्यानासारखी कथा, जीत पाच पतींची पत्नी द्रौपदी हिच्या मनात कर्णाविषयी उपजलेली ओढ उघडी पडते, ही अशा संवादावाचून सांगणेच कठीण. जे मुख्य गोंधळ्याने बोलू नये ते साथीदाराने विचारावे आणि जे साथीदाराने विचारले त्यास मुख्याने बगल देत उत्तर द्यावे, या युक्तीने समाजाला अवघड वाटणारा विषय लेकीसुनांसमोर, देवीच्या चौकापुढे, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी मांडला जातो. मराठी कथनपरंपरेतील हे धाडस अभिजनांच्या वाङ्मयास फार उशिरा साधले, हे या निमित्ताने नमूद करावयास हरकत नाही.

आराधी मंडळींचे गाणे याहून निराळे. गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी वा पोत, असे हे स्त्री-पुरुष जातीने गोंधळी असतातच असे नाही. देवीस वाहून घेतल्यामुळे ते आराधी होतात. मंगळवारी व शुक्रवारी जोगवा मागतात, चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीच्या यात्रेस येरमाळ्यास जमतात. त्यांच्या गाण्यात आख्यान कमी आणि आळवणी फार. आजारपण, अपत्याची आस, सासरचा जाच, न पडलेला पाऊस यांचे सूचन त्यांत असते. ब्लूजशी साम्यच शोधावयाचे तर ते गोंधळात नव्हे, या गाण्यात सापडेल. येथे ‘मी’ आहे, पण तो देवीपुढे उभा असलेला ‘मी’ आहे.

गोंधळाच्या प्राचीनतेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण महोत्सवांच्या निवेदनांतून या बाबतीत फार सैल विधाने केली जातात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाशी ‘गोंडली’ नामक नृत्याचा संबंध जोडला जातो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्यापासून फार दूर नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही ‘गौंडली’ येते. या उल्लेखांवरून शब्दाचा व एखाद्या नृत्यप्रकाराचा जुनेपणा सिद्ध होतो. पण आजचा संबळ-दिवटीचा, चौक भरून केला जाणारा विधी तोच होय असे त्यावरून म्हणता येत नाही. नामसाम्य हा वंशवृक्ष नव्हे. रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृतीच्या उपासकांचा शोध घेताना, आणि प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्याच्या लोकरंगभूमीचा विचार करताना, विधी व प्रयोग यांचे नाते तपासण्याची जी दिशा दाखविली ती या दृष्टीने अधिक फलदायी आहे.

आता व्यासपीठावरील गोंधळाकडे वळावयाचे. राज्यस्तरीय महोत्सव, महाविद्यालयीन युवक महोत्सव, संमेलनांची उद्घाटने यांत गोंधळ आता नित्याचा झाला आहे. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीत महाराष्ट्राने साडेतीन शक्तिपीठे आणि नारीशक्ती या विषयावरील चित्ररथ नेला, त्यातही संबळवादक गोंधळी होता. असा गोंधळ बहुधा पुढीलप्रमाणे असतो : पोत नाचविला जातो, संबळावर द्रुत लयीतील एक लांबलचक तुकडा वाजतो, चार-पाच देवस्थानांची नावे पाठोपाठ येतात, उदोकार होतो आणि सहा-सात मिनिटांत सर्व आटोपते. आवाहनाची यादी ठरलेली, आख्यान गायब, साथीदाराचे प्रश्न गायब. त्या जागी एकाच वेषातील आठ-दहा जणांचा समूह येतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल तो असा, की संक्षेप व्यासपीठाने आणलेला नाही. तुळजापुरात मंदिराच्या परिसरात नवदांपत्यासाठी जो गोंधळ घातला जातो तोही अल्पवेळाचाच असतो. यात्रेच्या गर्दीत रात्रभराचे आख्यान कोण लावणार? आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केल्यानेच मुद्दा स्पष्ट होतो. त्या दहा मिनिटांच्या गोंधळातही नवरा-नवरीचे नाव येते, कुळ येते, त्यांच्या गावाची देवी येते. दक्षिणा त्यांच्या हातून पडते आणि ऐकणारे भोवती उभे असतात. तो गोंधळ लहान असतो, पण तो कोणाचा तरी असतो. महोत्सवातील गोंधळाचा यजमान कोण? निमंत्रक खाते? मग आवाहनात त्याचे कुलदैवत येईल काय?

दुसरे एक उदाहरण मात्र या विवेचनास आवर घालते. लोकशाहीर विठ्ठल उमप (निधन २०१०) यांनी जांभूळ आख्यान रंगमंचावर आणले. तेथे चौक नव्हता, नवस नव्हता, प्रेक्षक तिकीट काढून आलेले होते. तरीही तो प्रयोग गोंधळाच्या जातकुळीचा वाटे, याचे कारण त्यांनी आख्यान राखले, संवादाची अडवणूक राखली आणि द्रौपदीच्या मनाचा उलगडा होईपर्यंत प्रेक्षकास थांबविले. परभणीचे राजारामभाऊ कदम यांनीही गोंधळ परगावच्या श्रोत्यांपर्यंत नेला तो कथेसह. तेव्हा दोष तिकिटाचा नाही, व्यासपीठाचाही नाही. यजमान गेला तर निदान कथा तरी उरली पाहिजे. विधीचा आधार सुटला तर कलेचा आधार धरला पाहिजे. प्रचलित महोत्सवांत दोन्ही सुटतात आणि हाती येते ते केवळ वाद्यकौशल्य व वेषभूषा.

आणि जुन्या व्यवस्थेविषयी हळहळण्याचेही कारण नाही. गोंधळी समाजाची गणना महाराष्ट्रात भटक्या जमातींत होते. ज्या गावगाड्यात यजमानपद आणि गोंधळ्याचा मान हे दोन्ही जन्माने ठरत, त्यात गोंधळ्याच्या वाट्यास मानाहून याचनाच अधिक येत असे. श्रोत्यास विनामूल्य लाभणाऱ्या रात्रीची किंमत गोंधळ्याचे कुटुंब मोजीत होते. शिकागोतील मॅक्सवेल स्ट्रीटच्या गायकांची स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती; पुढे, १९९४ साली, विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजारच तेथून हलविण्यात आला. ज्या शहराने आपल्या गाण्याचा उत्सव मांडला त्यानेच त्या गाण्याची बाजारपेठ उठविली, ही गोष्ट महोत्सवांच्या कौतुकात विसरली जाते. व्यासपीठावर गोंधळ्यास ठरलेले मानधन मिळते, वृत्तपत्रात नाव येते, याचना करावी लागत नाही. हा लाभ लहान नाही. अडचण एवढीच की मानधन सात मिनिटांचे मिळते म्हणून शिकणारा मुलगा सात मिनिटांपुरतेच शिकतो. संबळाचा द्रुत तुकडा त्यास येतो, आख्यान येत नाही. साथीदाराचे काम तर कोणी शिकतच नाही, कारण व्यासपीठावर त्यास जागाच नाही.

विद्यापीठीय संशोधनही या दोषापासून मुक्त नाही. लोकगीतांच्या संकलनात गोंधळगीत बहुधा एकसंध कवितेसारखे छापले जाते. साथीदाराचे प्रश्न ‘अवांतर’ म्हणून वगळले जातात. आवाहनातील नामावळी एकदा देऊन पुढे ‘इत्यादी’ म्हटले जाते. गोंधळ कोणाच्या घरी, कशानिमित्त झाला याची नोंद क्वचितच असते. ज्या भागात गोंधळ यजमानाचा असतो नेमका तोच भाग अशा संकलनात नाहीसा होतो. महोत्सवाच्या आयोजकाने वेळेअभावी केलेली काटछाट आणि संकलकाने शास्त्राच्या नावाखाली केलेली काटछाट यांत तत्त्वतः फरक नाही. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने तुळजापूर, येरमाळा आणि अणदूर-नळदुर्ग या परिसरातील वीस-पंचवीस घरच्या गोंधळांची आवाहने, घराच्या नावगावासह आणि त्यातील प्रत्येक देवस्थानाच्या क्रमासह, जशीच्या तशी उतरवून घेतली, तर कोणते कुळ कोठून कोठे गेले, कोणती सून कोणत्या मुलखातून आली, याचा जो आलेख हाती येईल तो छापील गोंधळगीतांतून आजवर मिळालेला नाही. असे काम करावयाचे तर साथीदाराची भूमिका पूर्ण करणारी वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच ते केले पाहिजे, आणि त्यासाठी ध्वनिमुद्रक चौकाजवळ नव्हे, साथीदाराजवळ ठेवावा लागेल.