चीनच्या ‘जुन्या पंचवंशेतिहासा’ची आजची संहिता

तांग वंशाचा शेवटचा बादशहा इ. स. ९०७ मध्यें पदच्युत झाला आणि इ. स. ९६० मध्यें सुंग वंश स्थापन झाला. मधल्या ५३ वर्षांत उत्तर चीनमध्यें पांच राजवंश एकामागून एक होऊन गेले. या राज्यक्रांत्यांचें कालदृष्ट्या अत्यंत निकटचें संकलन म्हणजे श्वे च्यूचंग याच्या देखरेखीखालीं इ. स. ९७४ मध्यें पुरा झालेला १५० खंडांचा ‘जुना पंचवंशेतिहास’ होय. त्याची योग्यता मोठी आहे. तथापि त्याची आजची संहिता जशीच्या तशी प्रमाण मानतां येत नाहीं, हें येथें दाखवावयाचें आहे.

संकलकांपुढें त्या त्या राजवटींचीं दप्तरें होतीं व स्वतः श्वेनेंही पूर्वींच्या राजवटींत चाकरी केलेली होती. परंतु ग्रंथ सिद्ध झाला तो सुंग बादशहाच्या आज्ञेनें. इ. स. ९५१ मध्यें सैनिकांनीं क्वो वेइ याच्या अंगावर पिवळें निशाण पांघरलें व तो चौ वंशाचा संस्थापक झाला, इ. स. ९६० मध्यें छनछ्याव येथें सैनिकांनीं चाव ख्वांगयिन याला पिवळा झगा घातला व तो सुंग बादशहा झाला. दोन्ही हकीकतींत सेनापति नाइलाजानेंच गादीवर बसतो! नव्या धन्याच्या पदरच्या लेखकांकडून आलेली अशी हकीकत सावधपणेंच घेतली पाहिजे.

दुसरें संकट प्रतींवर आलें. औयांग श्यू (मृत्यु इ. स. १०७२) याच्या ७४ खंडांच्या ‘नव्या पंचवंशेतिहासा’नें जुना ग्रंथ मागें पाडला. इ. स. १२०७ मध्यें जुर्चेन बादशहानें विद्यालयांत नवाच ग्रंथ चालविण्याचें फर्मान काढलें. पुढें मूळ ग्रंथ नाहींसा झाला. इ. स. १४०८ च्या ‘युंगलो महाकोशां’त विखुरलेले उतारे वेंचून शाव चिनहान यानें इ. स. १७७५ मध्यें तो पुन्हा जुळविला. आज उपलब्ध आहे ती ही जुळणी.

तिसरा दोष येथेंच शिरला. तेव्हां राज्य मांचू वंशाचें होतें. दहाव्या शतकांतील लेखकांनीं खितानांस लावलेलीं तुच्छतादर्शक पदें उत्तरेकडूनच आलेल्या मांचू राज्यकर्त्यांस झोंबतील, या भीतीनें तीं बदलण्यांत आलीं. इ. स. १०१३ मध्यें पुऱ्या झालेल्या ‘त्सफू युआनग्वी’ या प्रचंड संग्रहाशीं पाठ ताडून छन युआन यांनीं इ. स. १९३७ मध्यें हे फेरफार दहा सदरांखालीं उघडकीस आणले.

हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. इ. स. ९३६ मध्यें शी चिंगथांग यानें खितानांच्या बळावर राज्य मिळविलें, त्यांच्या राजास पिता म्हटलें व सोळा प्रांत त्यांस दिले. या कृत्याकडे समकालीन लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते, हाच प्रश्न असतां नेमके तेथील शब्द बोथट झाले आहेत. सौम्य पाठावरून जो अनुमान काढील, त्याच्या हातीं दहाव्या शतकाचें मत न येतां अठराव्या शतकाची भीति येईल.

तथापि शावचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. महाकोशाच्या ११,००० हून अधिक पुस्तकांपैकीं आज सुमारें ४००च उरलीं आहेत. त्याच्या श्रमाविना हा ग्रंथ कायमचा बुडाला असता. छन शांगच्युन यांनीं इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नव्या जुळणीमुळें पाठनिर्णयाचें काम पुष्कळ सुकर झालें आहे. संग्राहकांनीं एवढें ध्यानीं ठेवावें कीं, ग्रंथ कोणाच्या आज्ञेनें लिहिला गेला याबरोबरच हातांतली प्रत कोणाच्या अमदानींत उतरली, हेंही विचारल्यावांचून तिची साक्ष पुरी होत नाहीं.