जागा मोकळी झाली. प्रती किती उरल्या?

वार्षिक अहवालाचे दिवस आले की शाळेच्या लॅपटॉपवर एक सूचना हमखास झळकते : साठवणुकीची जागा संपत आली आहे. विज्ञान प्रदर्शन, सहल, वृक्षारोपण, पालकसभा अशा प्रत्येक प्रसंगाची शे-दोनशे छायाचित्रे वर्षानुवर्षे साठत गेलेली असतात. मग कोणीतरी सुचवते, "सगळे क्लाऊडवर आहे, इथले पुसून टाका." आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकांनी हा सल्ला तंतोतंत पाळला. लॅपटॉपवरची छायाचित्रे पुसली, कचरापेटीही रिकामी केली. दोन-तीन महिन्यांनी क्लाऊडचे खाते उघडले तेव्हा तेथेही ती नव्हती. बाईंच्या हातून चूक झाली, असे सर्वांनी ठरवून टाकले. आमचे मत वेगळे आहे. चूक मुख्यतः त्यांच्यासमोर ठेवलेल्या शब्दांची होती आणि त्या शब्दांची चिकित्सा करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला शब्द 'क्लाऊड', म्हणजे ढग. दूरध्वनीच्या आणि संगणकजाळ्यांच्या आराखड्यांत, ज्या भागाचा तपशील दाखवण्याची गरज नाही तेथे अभियंते ढगाची आकृती काढत असत. 'आत काय चालते ते तूर्त विचारू नका' एवढाच तिचा अर्थ होता. हीच खूण पुढे व्यापारी नाव बनली. प्रत्यक्षात आपली छायाचित्रे आकाशात तरंगत नाहीत. ती जमिनीवरच्या, दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीच्या इमारतीतील संगणकांवर असतात. त्या इमारतीला वीज लागते, थंड हवा लागते आणि तिला आगही लागू शकते.

दुसरा शब्दप्रयोग 'जागा मोकळी करा'. येथे थोडे अंकगणित करू. एक छायाचित्र सरासरी ४ मेगाबाइटचे धरले तर ५,००० छायाचित्रांना २० गिगाबाइट जागा लागते. लॅपटॉपवर २० गिगाबाइट जागा मोकळी झाली याचा अर्थ तेवढी माहिती तेथून गेली. जागा फुकट निर्माण होत नाही. एक प्रत कमी होते तेव्हाच ती मिळते. प्रश्न एवढाच की कोणती प्रत गेली आणि मागे किती उरल्या. नेमके हेच ते बटण सांगत नाही.

शिवाय या एकाच प्रयोजनासाठी निरनिराळ्या सेवांत निरनिराळ्या क्रिया आहेत. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये फाईलवर 'जागा मोकळी करा' ही आज्ञा दिली की फाईलचे नाव लॅपटॉपवर दिसत राहते, पण तिचा मजकूर फक्त क्लाऊडवर उरतो. नावापुढे निळ्या ढगाची खूण येते. ॲपलच्या आयक्लाऊडमध्ये साठवण काटकसरीने वापरण्याची सोय निवडली की मूळ छायाचित्र क्लाऊडवर राहते आणि संगणकावर जरुरीप्रमाणे कमी आकाराची आवृत्ती ठेवली जाते. मोबाइलवरील गूगल फोटोजमधली जागा मोकळी करण्याची आज्ञा फोनवरची प्रत काढते आणि क्लाऊडची ठेवते. पण त्याच ॲपमध्ये छायाचित्र निवडून नेहमीच्या पद्धतीने पुसले तर ते दोन्हीकडून जाते. बोटाची हालचाल जवळजवळ सारखीच, परिणाम मात्र उलटे. वर्गात अशी संज्ञा कोणी वापरली तर आपण तिला सदोष व्याख्या म्हणू.

तिसरा शब्द 'सिंक'. आमच्या मते सर्वाधिक गोंधळ येथेच आहे. पुष्कळ लोक सिंक म्हणजे प्रत काढून ठेवणे असे समजतात. विज्ञानशिक्षकांना त्यातला फरक आरशावरून चटकन समजेल. वस्तू आरशासमोर आहे तोवर प्रतिबिंब आहे. वस्तू उचलली की प्रतिबिंबही गेले. सिंक केलेले फोल्डर असेच वागते. लॅपटॉपवर नवे छायाचित्र आले की क्लाऊडवर येते आणि लॅपटॉपवरून पुसले की क्लाऊडवरूनही पुसले जाते. हा बिघाड नाही, दोन्ही बाजू सारख्या ठेवणे हेच त्या यंत्रणेचे काम आहे. याउलट ब्राउझर उघडून आपण स्वतः गूगल फोटोजवर चढवलेले छायाचित्र लॅपटॉपवरून पुसले तरी तिकडे राहते, कारण तेथे आरसा नाही, वेगळी प्रत आहे. राखीव प्रत म्हणजे मूळ नष्ट झाले तरी टिकते ती. या कसोटीवर सिंक ही राखीव प्रत ठरत नाही. असे असताना वनड्राइव्हमध्ये डेस्कटॉप, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची फोल्डरे सिंक होणाऱ्या जागी हलवण्याच्या सोयीला 'बॅकअप' हे नाव दिलेले आहे. आम्हाला हे नाव दिशाभूल करणारे वाटते.

या सेवांची बाजूही मांडली पाहिजे. पुसलेली छायाचित्रे त्या लगेच नष्ट करत नाहीत. आयक्लाऊडमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्ह खात्यात ती सामान्यतः ३० दिवस, तर गूगल फोटोजमध्ये क्लाऊडवर पोचलेली छायाचित्रे ६० दिवस कचरापेटीत राहतात. दुर्दैव असे की शाळेला छायाचित्रांची आठवण अहवाल लिहिताना होते आणि तोवर ही मुदत उलटलेली असते. दुसरे, अंतराचा फायदा मोठा आहे. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात पाणी घराघरांत शिरले. कपाटातला लॅपटॉप आणि त्याच कपाटातली बाह्य हार्ड डिस्क अशा वेळी एकदमच भिजतात. दूरच्या गावची प्रत कोरडी राहते. तेव्हा क्लाऊड वापरूच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

पण तीच एकमेव प्रत असू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली व एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. दक्षिण कोरियातील दैजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण होती. कामाच्या फाईली आपापल्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवाव्यात, असे धोरण होते. तिची बाहेर प्रत नव्हती आणि ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. इतके मोठे शासनही 'सगळे तिकडे आहे' या समजुतीवर विसंबले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणखी एक मुद्दा अटींचा. गूगल फोटोजमध्ये किंचित कमी दर्जाची छायाचित्रे हवी तेवढी मोफत ठेवता येत. ही सवलत १ जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांसाठी बंद झाली. त्यानंतर ईमेल, फाईली आणि छायाचित्रे यांना मिळून १५ गिगाबाइटची मोफत मर्यादा आली. म्हणजे वरील हिशोबाने पावणेचार हजार छायाचित्रे, तीही ईमेलने जागा खाल्ली नाही तर. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली. बदलून गेलेल्या शिक्षकाच्या खात्यावर शाळेचा इतिहास ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय जागा वाचवणारा दर्जा निवडला असेल तर क्लाऊडवरची प्रत दाबून लहान केलेली असते. लॅपटॉपवरचे मूळ पुसल्यावर तो तपशील परत मिळत नाही.

मग करावे काय? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसृत केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. शाळेपुरते बोलायचे तर लॅपटॉपवरची छायाचित्रे आधी बाह्य हार्ड डिस्कवर उतरवावीत, दोन्हीकडची संख्या ताडून पाहावी आणि मधली पाच-दहा छायाचित्रे उघडून खात्री करावी. मग क्लाऊडवर ती मूळ दर्जात पोचली का, हे दुसऱ्याच एखाद्या संगणकावरून पाहावे. यानंतरच लॅपटॉपवरची जागा मोकळी करावी. तेव्हाही तीनांपैकी दोनच प्रती उरतात, याची जाणीव असावी. महत्त्वाच्या छायाचित्रांसाठी दुसरी डिस्क घेऊन ती मुख्याध्यापकांच्या घरी ठेवली तर नियम पुन्हा पुरा होतो.

हा विषय वर्गात प्रयोग म्हणूनही घेता येईल. कामाची नसलेली तीन छायाचित्रे घ्यावीत व त्यांना क, ख, ग अशी नावे द्यावीत. तिन्ही सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवावीत आणि क्लाऊडवर पोचू द्यावीत. क तसेच ठेवावे, ख वर जागा मोकळी करण्याची आज्ञा द्यावी, ग पुसावे. प्रत्येकाच्या किती प्रती कोठे उरतील याचा अंदाज विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावा. मग इंटरनेट बंद करून लॅपटॉपवर काय उघडते ते पाहावे आणि पुन्हा सुरू करून क्लाऊडवर काय उरले ते पाहावे. बहुतेकांचा ख आणि ग यांबाबतचा अंदाज चुकेल, आणि चुकलेला अंदाज हाच उत्तम शिक्षक असतो.

बटणांवरची नावे बदलणे आपल्या हाती नाही. पण बटण दाबण्यापूर्वी 'यानंतर प्रती किती उरतील आणि कोठे?' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आपल्या हाती आहे. उत्तर 'एक' असे आले तर ते बटण तूर्त दाबू नये.