मिंग्रेलियन भाषा : बोलीचा वाद आणि साहित्याचा प्रश्न

जॉर्जियाच्या पश्चिमेस, काळ्या समुद्रालगत सामेग्रेलो हा प्रदेश आहे. झुगदिदी हे त्याचे प्रमुख नगर होय. येथील मिंग्रेलियन लोक घरी मिंग्रेलियन बोलतात. शाळा, चर्च व कचेरी यांची भाषा मात्र जॉर्जियन आहे. मिंग्रेलियन ही जॉर्जियनची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुना असला तरी भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात फारसे तथ्य नाही. जॉर्जियन, स्वान, लाझ आणि मिंग्रेलियन या कार्तवेली कुलातील भगिनीभाषा होत. ‘माणूस’ या अर्थी जॉर्जियनमध्ये ‘कात्सी’, तर मिंग्रेलियनमध्ये ‘कोची’ असे म्हणतात. केवळ जॉर्जियन जाणणाऱ्यास मिंग्रेलियन संभाषण समजत नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

वादाचे खरे मूळ राजकारणात आहे. १८९७ व १९२६ च्या जनगणनांत मिंग्रेलियनांची स्वतंत्र नोंद झाली. पुढे ती जॉर्जियनांत विलीन करण्यात आली. १९३० मध्ये सोव्हिएत राजवटीत मिंग्रेलियन वृत्तपत्र सुरू झाले, पण ते दशक संपण्यापूर्वीच मिंग्रेलियन प्रकाशन थांबले. तेव्हापासून या भाषेतील लेखन म्हणजे राष्ट्र फोडण्याचा डाव, असा संशय रूढ झाला. हा संशय सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. शिवाय मिंग्रेलियन लोक स्वतःस जॉर्जियनच मानतात. सामेग्रेलोतील आबाशा येथे जन्मलेले कादंबरीकार कॉन्स्टन्टिन गामसाखुर्दिया यांनी जॉर्जियनमध्येच लिहिले. परंतु राष्ट्र एक असल्याने भाषाही एकच असली पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

या वादात साहित्याची झालेली उपेक्षा अधिक गंभीर आहे. इओसेब किपशिद्झे यांचा १९१४ चा व्याकरणग्रंथ या भाषेच्या अभ्यासाचा पाया होय. व्याकरणासोबत त्यात शब्दकोश आणि मौखिक परंपरेतील पाठही आहेत. संकलन मोलाचे खरे. पण त्यातील कथा क्रियापदांची रूपे दाखविणारे नमुने म्हणून उरतात. कथनाची लय, निवेदकाचा विनोद यांचा विचार व्याकरणकाराने करावा, अशी अपेक्षा अर्थातच नाही. तो समीक्षकाने करावयास हवा होता. ओतार काजाइया यांचा त्रिखंडात्मक मिंग्रेलियन-जॉर्जियन कोश या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला, तरीही ती उणीव पुरेशी भरून निघालेली नाही.

याउलट रुस्तावेलीच्या मध्ययुगीन जॉर्जियन महाकाव्याचे मिंग्रेलियन भाषांतर झाले. वाचता येणारा प्रत्येक मिंग्रेलियन ते काव्य मूळ जॉर्जियनमध्ये वाचू शकतो. मग भाषांतर कोणासाठी? आपली भाषा महाकाव्याचा भार पेलू शकते, हे सिद्ध करण्याची गरज त्यामागे असावी. ही गरज समजण्याजोगी आहे. मात्र तिच्यातही श्रेष्ठतेचे माप जॉर्जियनकडूनच घेतलेले दिसते. युनेस्कोने ज्या भाषेची नोंद संकटग्रस्त म्हणून केली आहे, तिच्या स्वतःच्या कथा अद्याप व्याकरणाच्या पुरवणीतच पडून आहेत.