पट्टी की दर? हद्दीबाहेरील पाण्याचा प्रश्न

हद्दीबाहेरच्या नळास शहरापेक्षा अधिक आकार लावावा काय, हा वाद बहुधा आकड्यांपासून सुरू होतो. तो शब्दापासून सुरू व्हावयास हवा. ‘पाणीपट्टी’तील ‘पट्टी’ ही मूळची कराची संज्ञा होय. मराठेशाहीतील सिंहासनपट्टी, मिरासपट्टी हे शब्द त्याची साक्ष देतात. पट्टी सत्ता बसविते; तिच्या मोबदल्यात नेमके काय मिळाले, हे देणाऱ्याने विचारावयाचे नसते. ‘दर’ हा मात्र देवघेवीतला शब्द आहे. हद्दीबाहेरील मनुष्यास महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत नाही. त्याच्याकडून दरच घेता येईल, आणि दर म्हटला की खर्चाचा हिशेब दाखविणे ओघानेच आले.

अमरावतीस मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते व ते पुरविते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, म्हणजे राज्याची संस्था. जलवाहिनीचा धनी शहर नसताना शहराची हद्द दरपत्रकात कोणत्या न्यायाने उमटावी? अकोल्यात धनी महानगरपालिकाच आहे. पाणी काटेपूर्णेचे, महान येथून येणारे. 2016 साली तेथील हद्द वाढून मलकापूर, खडकी यांसह 24 गावे आत आली. त्या दिवशी नळाचे अंतर, पाण्याचा चढाव वा गळती यांत तसूभरही फरक पडला नाही. दर केवळ हद्दीवर बांधलेला असता, तर तो मात्र एका अधिसूचनेने बदलला असता.

शहराच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या दरविषयक पुस्तिकेत शहरवासीयांस मालक व बाहेरच्यांस बिगरमालक मानून, मालकांच्या भांडवलावरील परतावा बिगरमालकांच्या दरात धरण्याची पद्धत मांडली आहे. ज्याने कर्जाचा भार व जोखीम पत्करली त्यास काही मिळावे, हे रास्तच. परंतु हे माप वऱ्हाडात जसेच्या तसे लागू पडत नाही. 2015 च्या अमृत योजनेत दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठी प्रकल्पखर्चाचा निम्मा भाग केंद्राने द्यावयाचा होता, आणि अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे त्या योजनेत होती. अनुदानाचा तो पैसा बाहेरच्या करदात्याचाही आहे. त्यावर त्याच्याचकडून परतावा घेणे म्हणजे त्याच्याच ठेवीचे व्याज त्याच्याकडून वसूल करणे होय. शहराने स्वतः उभारलेल्या हिश्श्यापुरताच परतावा समर्थनीय ठरतो.

‘ग्राहक’ हा शब्दही येथे जपूनच वापरावा लागतो. ग्राहकास दुसरे दुकान असते; पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. अशा गावास ‘परवडत नसेल तर घेऊ नका’ असे सांगणे ही केवळ शब्दांची कसरत आहे.

राहता राहिला अंतराचा मुद्दा. हद्दीपलीकडच्या टोकास पंपाची वीज व वाढीव नळ यांचा खर्च अधिक येत असेल, तर तो मोजून घ्यावा. मात्र महान ते अकोला या वाटेवरील गाव हद्दीबाहेर असले, तरी पाण्याच्या उगमास शहरापेक्षा जवळचे असते. तेथे तोच हिशेब दर उतरविण्याकडे झुकेल.