‘जंग और अमन’: अण्वस्त्रांशी अर्धाच राहिलेला वाद

आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ (2002) हा माहितीपट तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. पोखरणचा अभिमान वाटत असेल तर आधी पाहा. सेन्सॉर बोर्डाने त्याला 21 कट सुचवले होते. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न लावता तो मोकळा केला.

मे 1998 च्या चाचण्यांनंतरचा जल्लोष पटवर्धन दाखवतात आणि मग कॅमेरा स्फोटाच्या जागेजवळच्या खेतोलाई गावात नेतात. तिथून जादूगोडाच्या युरेनियम खाणी, पाकिस्तान, हिरोशिमा. माणसांना ते बोलू देतात, हीच या चित्रपटाची ताकद. शिवाय आपण मराठी लोक या गोष्टीचे नुसते प्रेक्षक नाही. 1974 च्या चाचणीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतले, आणि ती कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेली. अनिल काकोडकरांचा 1974 आणि 1998, दोन्ही चाचण्यांत सहभाग होता. अणुशक्तीनगरात तर आपल्यापैकी कुणाचा ना कुणाचा मामा राहतोच!

माझी तक्रार वेगळी आहे. पटवर्धन भांडतात ते पेढे वाटणाऱ्याशी. ‘नाइलाज म्हणून बाँब हवा’ म्हणणारा शांत माणूस त्यांच्या हातून सुटतो. तो विचारतो, 1999 मध्ये कारगिलला आपल्या विमानांनी नियंत्रण रेषा का ओलांडली नाही? युद्ध पसरले का नाही? धाक होता म्हणून. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मग चाचण्यांना वर्ष होते न होते तोच घुसखोरी झालीच कशी? धाकाने युद्ध आवरले असेल, पण ‘समोरचा फार पुढे येणार नाही’ हे धाडसही त्याच धाकाने दिले, असे मला वाटते.

खरी अडचण याच्याही पुढची. आपण पहिला वार करणार नाही, पण झाला तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य हानी करणारे असेल, असे भारताने जानेवारी 2003 मध्ये जाहीर केले. धाक चालायचा तर ही धमकी खरी असावी लागते. म्हणजे लाखो निरपराधांना मारायची तयारी आपण आज, शांततेच्या काळातच करून ठेवली आहे. आणि मुंबई जळाल्यावर लाहोर जाळून वाचणार कोण?

इथे मनामात लाहोर हा नकाशावरचा ठिपका राहत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिथला आहे, त्याची आई तिथे राहते. आणि दुसऱ्यांच्या धाकाखाली राहणे म्हणजे काय, हेही इथे कळते. जुफैरला अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे मुख्यालय, आखातापलीकडे सुमारे 300 किलोमीटरवर बुशहरचा अणुवीज प्रकल्प, आणि आपण पितो ते बरेचसे पाणी याच आखाताचे, गोडे केलेले. अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकल्यावर 23 जून 2025 रोजी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा बहरीननेही आपली हवाई हद्द काही काळ बंद केली. इथल्या कुणाला विचारून यातले काहीच झाले नव्हते.

चित्रपट लांब आहे. शस्त्रखरेदीतल्या लाचखोरीचा तहलका प्रकरणाचा भाग मला आगंतुक वाटला, तो सोडलात तरी चालेल. खेतोलाई आणि पाकिस्तानातल्या शाळकरी मुलींचा प्रसंग मात्र सोडू नका. बाँबच्या बाजूने ठणकावून बोलणाऱ्या मुलीशी पटवर्धन नंतर साधेपणाने बोलत राहतात, तिला खिंडीत गाठत नाहीत. त्या शांत माणसाशीही त्यांनी असेच बोलायला हवे होते.